कोणी चुकलं तर कुठे भेटायचं? : बँकॉकमधला आमचा पहिला दिवस

बँकॉकला जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी एक एक्सेल शीट उघडली. सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागलेली ही खोड, ती काही जात नाही. पाच दिवस, पाच माणसं, अकरा कॉलम. किती वाजता निघायचं, कुठल्या गाडीने जायचं, कुठे उतरायचं, किती बात लागतील, शाकाहारी जेवण कुठे मिळेल, जवळचं स्वच्छतागृह कुठे, आईला किती पायऱ्या चढाव्या लागतील. ऑफिसच्या कामाचं एवढं नीट डॉक्युमेंटेशन मी कधी केलं असेल तर शपथ!

एवढ्या तयारीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. सगळं व्यवस्थित पार पडलं, डॉक्टरांनी फिरायला पूर्ण मोकळीक दिली, पण त्या दिवसापासून मी बाबांना काचेच्या बरणीसारखं वागवायला लागलो. जिना चढताना त्यांच्या मागे, रस्ता ओलांडताना त्यांचा दंड धरून. आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेला, माळव्या-निमाडातल्या खेडोपाडी लाइन टाकत हिंडलेला हा माणूस. त्याला मी इंदूरच्या राजवाडा चौकात हात धरून रस्ता ओलांडायला लावत होतो. ते काही बोलत नसत. आईचे गुडघे दुखतात, तिची काळजी वेगळी. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की निघायचं, असं २०२४ च्या श्रावणातच ठरलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "तुझ्या त्या शीटचा एक प्रिंट दे मला."

मी हसलो. "बाबा, सगळं फोनवर आहे. कागद कशाला?"

"असू दे जवळ."

मी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी ते स्वतःच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली शीट त्याला पाठवली आणि प्रिंट काढून आणला. कागदाची चौघडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. तिकडचं ईसिम मी फक्त माझ्या फोनमध्ये घेतलं होतं. बाकीच्यांना माझा हॉटस्पॉट. पाच माणसांत तीन फोन, प्रत्येकाला वेगळं नेट कशाला? सगळे बरोबरच तर असणार!

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेलं विमान सकाळी बँकॉकला उतरलं. घड्याळं दीड तास पुढे केली. विमानतळाच्या इमारतीवरचं नाव वाचून बाबा थबकलेच. "सुवर्णभूमी! अरे, हे तर आपलंच नाव."

थाई लोक त्याचा उच्चार 'सुवन्नफूम' असा करतात, पण लिहिताना त्यांच्या लिपीत मूळ संस्कृत अक्षरं शाबूत असतात. थाई भाषेने संस्कृत आणि पालीतून शब्द भरभरून घेतले. लिहिण्यात मूळ रूप ठेवलं आणि बोलताना आपल्या जिभेला सोपं करून टाकलं. 'नगर'चं झालं 'नाखोन', 'आहार'चा झाला 'आहान'. टेलिफोनला ते 'थोरसप' म्हणतात, तो मुळात 'दूर' आणि 'शब्द' यांचा जोड आहे. मी हे निघण्यापूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि शीटच्या शेवटी 'मनोरंजक माहिती' म्हणून एक टॅब केला होता. तो कोणी उघडेल असं मला वाटलं नव्हतं. बाबांनी तोही प्रिंट केला होता.

आईला विमानतळावरचं समुद्रमंथनाचं मोठं शिल्प पाहायचं होतं. देव एकीकडे, असुर दुसरीकडे आणि मधे वासुकी. तिने त्याचा व्हिडिओ पाहिला होता. "ते निघण्याच्या बाजूला आहे, परत जाताना दिसेल," मी शीट पाहून सांगितलं. तिने मान डोलावली. आठ वर्षांच्या लेकीने मात्र विचारलं, "बाबा, तुझ्या शीटमध्ये नाही असं काही बघायला मिळणार आहे का?" बायको दुसरीकडे बघून हसली.

विमानतळाच्या तळघरातून शहरात जाणारी रेल्वे सुटते. शेवटचं स्टेशन फया थाय, तिकीट ४५ बात, वेळ साधारण अर्धा तास. तळघरातून निघालेली गाडी लगेच वर चढते आणि मग शहर खाली पसरत जातं. कालव्यांना इथे 'ख्लोंग' म्हणतात. त्यांच्या कडेने पत्र्याची घरं, त्यांच्या मागे काचेचे उंच मनोरे, घरांच्या दारात रंगीत छोटी देवघरं. खांबावर उभारलेल्या त्या देवघरांत लाल सरबताची बाटली ठेवलेली असते आणि बाटलीत स्ट्रॉसुद्धा. जागेच्या रक्षक देवतेला हा रोजचा नैवेद्य. आईने खिडकीतूनच हात जोडले. "ह्यांच्याकडेही वास्तुपुरुष आहे म्हणायचा," ती म्हणाली.

हॉटेल फया थाय स्टेशनजवळच घेतलं होतं. खोली दुपारी दोननंतर मिळणार होती. सामान ठेवलं, तोंडं धुतली, बरोबर आणलेला चिवडा खाल्ला आणि अकराच्या सुमारास बाहेर पडलो. पहिल्या दिवसाचा बेत असा : स्कायट्रेनने सयाम, तिथे गाडी बदलून साफान ताक्सिन, तिथून नदीतल्या बोटीने वाट फो मंदिर, मग नदीपलीकडे वाट अरुण आणि संध्याकाळी चायनाटाउन. स्टेशनांना क्रमांक असतात. सयाम हे मधलं जंक्शन, तिथून साफान ताक्सिनपर्यंत एस १ ते एस ६. शीटमध्ये मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'एस ६ ला उतरायचं.'

तिकीट म्हणजे एक प्लास्टिकचं कार्ड. आत जाताना यंत्राला दाखवायचं, बाहेर पडताना यंत्रात टाकायचं. ज्याचं त्याचं कार्ड मी ज्याच्या त्याच्या हातात दिलं. फया थायच्या पुढचं स्टेशन रात्चथेवी. बाबांनी पाटी वाचली आणि नातीला म्हणाले, "ओळख बघू. रात्च म्हणजे राज, थेवी म्हणजे?"

"देवी!" ती ओरडली. डब्यातल्या दोन बायका वळून हसल्या. दोघांचा खेळ सुरू झाला होता.

सयाम स्टेशनला गाडीतून उतरून त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूची गाडी पकडायची असते. समोर गाडी उभीच होती. शहराच्या मधोमधचं जंक्शन, शाळेचे गणवेश, ऑफिसचे पट्टे, खरेदीच्या पिशव्या, बॅगा ओढणारे आमच्यासारखे प्रवासी, सगळे एकदम उतरले आणि एकदम चढले. आई हळू चालत होती म्हणून मी तिच्याबरोबर. बायको आमच्या पुढे. बाबा आणि लेक त्यांचा शब्दांचा खेळ खेळत सगळ्यांच्या पुढे. ती दोघं डब्यात शिरली. मागोमाग दहा-बारा माणसं शिरली. शिट्टी वाजली, दारं लागली, फलाटावरची काचेची दारंही लागली. काचेपलीकडे बाबांचा पांढरा शर्ट एक क्षण दिसला आणि गाडी निघून गेली.

मी फलाटावर उभा. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये बाबांच्या गोळ्यांची डबी, त्यांचा पासपोर्ट, सगळे पैसे. त्यांच्या फोनला नेट नाही. त्यांच्याबरोबर माझी आठ वर्षांची मुलगी.

"पुढच्या स्टेशनवर उतरायचं, असं सांगून ठेवलं होतंस ना?" बायकोने विचारलं.

मी गप्प. स्वच्छतागृहांचा कॉलम होता, पायऱ्यांचा होता. हा नव्हता.

"उतरतीलच," मी म्हणालो. "कोणीही उतरेल. तुम्ही दोघी इथेच थांबा, हलू नका. मी बघून येतो."

पुढची गाडी चार-पाच मिनिटांत आली असेल. मला तो अर्धा तास वाटला. एस १ म्हणजे रात्चदम्री. उतरलो. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळालो. पांढरा शर्ट नाही. लेकीचा पिवळा फ्रॉक नाही. खाली तिकिटाच्या यंत्रांपर्यंत जाऊन आलो. नाहीत. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. उतरून परत सयामला गेले असतील? आणखी पुढे गेले असतील? बाबांना चक्कर आली असेल? बँकॉकच्या पालिका हद्दीत पन्नास लाखांहून जास्त माणसं राहतात, ही माहितीही माझ्याच टॅबमध्ये होती. त्या क्षणी ती आठवायला नको होती.

माझा फोन वाजला. नंबर बायकोचा. मला कळेना, हिच्या फोनला रेंज कुठून आली?

"सापडलेत. साफान ताक्सिनला आहेत, दोघंही ठीक आहेत. आम्ही त्याच गाडीने येतो, तू पण ये," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

घडलं होतं ते असं. मी गाडीत चढलो तशी ती फलाटावरच्या शिट्टीवाल्या सुरक्षारक्षकाकडे गेली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, हिला थाई येत नव्हतं. तिने विमानतळावर काढलेला आजोबा-नातीचा फोटो दाखवला, गाडी गेली त्या दिशेला बोट केलं. त्याने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं. काही मिनिटांतच उत्तर आलं, कारण एस ६ च्या फलाटावर बाबा आधीच तिथल्या रक्षकाशी बोलत उभे होते. आणि फोन? मुंबई विमानतळावरच तिने स्वतःच्या नंबरचं रोमिंग सुरू करून घेतलं होतं. मला सांगितलं नव्हतं. "तू खर्चाचा हिशेब मांडत बसला असतास," ती नंतर म्हणाली.

साफान ताक्सिनला उतरलो तर फलाटावरच्या बाकावर दोघं आरामात बसलेली. लेक हातातला कागद वाचून दाखवत होती, बाबा ऐकत होते. मला पाहून ती म्हणाली, "आम्ही सहा बोटं मोजली आणि उतरलो!"

माझा तोल गेला. "बाबा, पुढच्या स्टेशनवर उतरायचं ना! असं शेवटपर्यंत कोणी येतं का? आम्ही हरवलेल्या माणसांना शोधायचं कुठे?"

बाबा शांतपणे म्हणाले, "आम्ही कुठे हरवलो होतो? तिकीट इथलं होतं, तुझ्या कागदावर इथे उतरायचं लिहिलं होतं. आम्ही इथे आलो. हरवलात तुम्ही."

आणि मग, मी काही बोलण्याआधी, त्यांनी विचारलं, "झांकीचं विसरलास का?"

इंदूरच्या मंडळींना झांकी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद मिल आणि तिच्या बरोबरीच्या कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केलेली, दिव्यांनी झगमगणारी, हलत्या देखाव्यांची ही मिरवणूक. गिरण्या बंद पडल्या, पण झांक्या सुरूच राहिल्या. रात्रभर सगळं शहर रस्त्यावर असतं. मी सहा-सात वर्षांचा असताना बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे आणि घरातून निघतानाच दरवर्षी सगळ्यांना एकच गोष्ट बजावायचे : कोणी चुकलं तर शोधत फिरायचं नाही. राजवाड्याच्या मोठ्या दरवाजापाशी जायचं. सगळ्यांनी तिथेच यायचं. एका वर्षी माझा हात खरंच सुटला होता. रडत रडत का होईना, मी माणसांच्या पायांमधून वाट काढत त्या दरवाजापाशी गेलो. बाबा तिथे आधीच उभे होते. ते रागावले नाहीत. "शहाणा आहेस," एवढंच म्हणाले आणि गरम जलेबी घेऊन दिली.

तो नियम माझ्याच डोक्यातून गेला होता. बाबांना वाटलं, मला तो आठवत असेल. मी रात्चदम्रीला शोधत पळत होतो तेव्हा ते ठरलेल्या ठिकाणी माझी वाट पाहत होते.

मी त्यांच्या शेजारी बसलो. सॉरी म्हणालो. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे दोघांनाही अवघड झालं. बाबांनी विषय बदलला. "पाणी आण जरा. आणि माझी बाराची गोळी दे."

लेकीच्या फ्रॉकच्या खिशातून एक चिठ्ठी डोकावत होती. हॉटेलचं नाव, पत्ता, माझा नंबर. आईचं अक्षर. सकाळी हॉटेलच्या काउंटरवरून तिने ते उतरवून घेतलं होतं आणि नातीच्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावली होती. म्हणजे बाबांचा कागद, आईची चिठ्ठी, बायकोचं रोमिंग. मला न सांगता प्रत्येकाने आपापली सोय करून ठेवली होती. आमच्या कामात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळी यंत्रणा एकाच भागावर उभी असेल आणि तो भाग बिघडला, तर सगळंच कोसळतं. डिझाइन करताना ते आम्ही आधी शोधतो. माझ्या शीटमध्ये तो भाग मी स्वतः होतो. माझ्या घरच्यांना हे माझ्या आधी कळलं होतं, आणि मला न दुखवता त्यांनी त्याचा बंदोबस्त केला होता.

भूक सगळ्यांनाच लागली होती. स्टेशनच्या खालच्या गल्लीत एका गाड्यावर पिवळं निशाण दिसलं, त्यावर लाल अक्षरं. आपल्या डोळ्यांना ती इंग्रजी आकड्यातल्या १७ सारखी दिसतात. शाकाहारी वाचकांनी हे चिन्ह जरूर लक्षात ठेवावं. या अक्षरांचा उच्चार 'जे'. चिनी बौद्ध परंपरेतलं हे व्रताचं जेवण. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर तिथे माशांचा सॉस पडलेला असू शकतो, 'जे' म्हटलं की तो प्रश्न मिटतो. आईचा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत चालू होता आणि आपल्या व्रतापायी सगळ्यांची अडचण होणार, या विचाराने ती आठवडाभर खंतावली होती. सोयाबीनचे तुकडे, कोबी, मशरूम आणि भात असं ताट पुढे आल्यावर तिने दोनदा खात्री केली आणि मग पोटभर जेवली. "आपल्यापेक्षा कडक आहेत गं ही माणसं," ती सुनेला म्हणाली.

शाकाहाराला थाईत आणखी एक शब्द आहे, 'मांगसविरत'. बाबांनी तो कागदावर पाहिला, दोन वेळा पुटपुटला आणि टाळी वाजवली. "मांसविरती! मांसापासून विरती. अरे, किती सरळ आहे."

स्टेशनच्या पायथ्याशीच सथोर्न धक्का आहे. केशरी निशाणाच्या बोटीत बसलो. चाओ फ्रया नदी रुंद, गढूळ आणि कामात बुडालेली. वाळूने भरलेल्या पडावांची माळ ओढत नेणाऱ्या छोट्या होड्या, काठाकाठाने तरंगत जाणारी जलपर्णी, धक्का आला की शिट्टी वाजवून दोर फेकणारा पोरगा. आईने नदीला नमस्कार केला. नर्मदेला करते तसाच. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री याच नदीत थाई लोक केळीच्या सोपाच्या द्रोणात फुलं आणि दिवा ठेवून सोडतात, त्या सणाला लॉय क्राथोंग म्हणतात, असं मी सांगितलं. "म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा," आई म्हणाली. "दहा दिवस उशिरा आलो असतो तर दिसली असती."

बोटीत बाबा खिशातला कागद काढून वाचत होते. त्यांनी विचारलं, "आयुथ्थया कधी पडलं?"

आयुथ्थया म्हणजे अयोध्येवरून नाव घेतलेली सयामची जुनी राजधानी. १७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती उद्ध्वस्त केली. मग ताक्सिन नावाच्या सेनापतीने विखुरलेलं राज्य पुन्हा जुळवलं आणि या नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरी इथे राजधानी केली. ज्या पुलाजवळ आम्ही उतरलो त्याला त्याचंच नाव आहे. 'साफान' म्हणजे पूल. पुढे १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने राजधानी पूर्व काठावर आणली, तेच आजचं बँकॉक. थाई लोक त्याला क्रुंग थेप म्हणतात. 'थेप' म्हणजे देव.

"१७६७," बाबा म्हणाले. "त्याच साली अहिल्यादेवींनी कारभार हाती घेतला. आणि राजधानी नेली नर्मदेच्या काठी, महेश्वरला." थोड्या वेळाने नातीला म्हणाले, "बघ, ते तिकडे मोडलेलं पुन्हा उभं करत होते, त्याच वेळी आपल्याकडे एक बाई घाट बांधत होती."

इंदूरच्या आम्हा मराठी घरांत अहिल्यादेवींचं नाव रोज कुठे ना कुठे येतंच. पण त्या वेळी बाकीच्या जगात काय चाललं होतं, हा विचार मी कधी केला नव्हता. शीटमध्ये दोन्ही सालं नव्हती. एक बाबांच्या डोक्यात होतं.

वाट फो मंदिरात पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती आहे. ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, सोन्याच्या वर्खाने मढवलेली. तिसऱ्या राम राजाच्या काळात ती घडवली गेली. मंदिर तिच्याभोवती इतकं घट्ट आहे की मूर्ती एका नजरेत मावतच नाही. आधी खांबांमधून चेहरा दिसतो, मग हात, मग चालत चालत पावलं. पावलांच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं. आई त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीलगत काशाच्या १०८ वाट्यांची रांग आहे. थोडे पैसे दिले की वाटीभर चिल्लर नाणी मिळतात, प्रत्येक वाटीत एकेक टाकत जायचं. आजोबा आणि नात निघाली. टण्, टण्, टण्, असा आवाज सगळ्या देवळात सारखा चालू असतो. शेवटच्या काही वाट्या उरल्या आणि नाणी संपली. बाबांनी खिशात हात घातला. आपली एक-एक, दोन-दोन रुपयांची नाणी निघाली. "चालतील का?" लेकीने विचारलं. "देवाला काय करायचाय एक्सचेंज रेट," बाबा म्हणाले.

बाहेर आलो तोवर चार वाजत आले होते. ऊन आणि दमट हवा यांनी आईचे पाय सुजले होते. बेतात आता वाट अरुण होतं, आणि तिथल्या उभ्या पायऱ्या. मी फोन काढला, वेळांचा हिशेब करू लागलो आणि थांबलो. पहिल्यांदाच विचारलं, "आई, तुला काय करावंसं वाटतंय?"

"मला ते देऊळ इथूनच बघायचंय. बसून."

बसलो. वाट फोच्या मागेच नदीकाठी था तियेन धक्का आहे, समोर वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. पण त्याचं खरं रूप संध्याकाळी या काठावरून दिसतं, कारण सूर्य त्याच्यामागे मावळतो. चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेला तो उंच मनोरा हळूहळू काळा होत गेला आणि आकाश केशरी. आईने पिशवीतून डबा काढला. चकल्या, शंकरपाळी. बाबांसाठी इंदुरी शेव, वर जीरावन. शेजारी बसलेल्या एका थाई आजींना तिने शंकरपाळी देऊ केली. आजींनी हात जोडून घेतली, चाखली आणि आपल्या पिशवीतून मोगऱ्यासारख्या फुलांचा छोटा गजरा काढून लेकीच्या मनगटाला बांधला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळला नाही. सुमारे पंधरा मिनिटं दोघी बोलत होत्या.

परतीच्या बोटीने साफान ताक्सिनला आलो तेव्हा सहा वाजले. स्टेशनच्या जिन्यावर एकदम सगळी गर्दी थांबली. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला इथल्या स्टेशनांवर राष्ट्रगीत वाजतं आणि माणसं आहेत तिथे उभी राहतात. घरी पळणारे, फोनवर बोलणारे, पिशव्या सांभाळणारे, सगळे स्तब्ध. लेक शाळेतल्यासारखी सावधान उभी राहिली. गीत संपलं आणि जिना पुन्हा वाहू लागला. सकाळी याच गर्दीची मला धडकी भरली होती.

सयामला गाडी बदलताना बाबांनी माझा दंड धरला. "हात सोडू नकोस," म्हणाले. चेहरा गंभीर, डोळ्यांत हसू.

चायनाटाउन राहून गेलं. त्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही. रात्री हॉटेलच्या खोलीत लेक माझ्या लॅपटॉपवर येऊन बसली. शीटमध्ये बारावा कॉलम करायचा होता तिला. नाव तिनेच दिलं : 'चुकलं तर कुठे भेटायचं'. उरलेल्या चार दिवसांची एकेक ओळ आजोबांना वाचून दाखवत गेली. आजोबा सांगत गेले, ती भरत गेली. मंदिराचं पुढचं दार. बोटीचा धक्का. तिकीट खिडकी. आई पडल्या पडल्या म्हणाली, "जिथे बसायला बाक असेल असं ठिकाण लिही गं." तेही लिहिलं गेलं.

घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन कुठे जाणार असाल, तर माझा अनुभव एवढाच सांगतो. फोन प्रत्येकाचा चालू ठेवा, गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात द्या, एक कागद छापून घ्या. आणि घरातून निघण्याआधी भेटायची जागा ठरवा. ती ठरवायला त्यांनाच सांगा, आपल्यापेक्षा त्यांना ते जास्त वर्षं माहीत आहे.

कॉलम भरून झाल्यावर लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू चुकलास तर?"

मी विचार करत होतो, तेवढ्यात तिने स्वतःच ठरवून टाकलं.

"तू आहेस तिथेच थांब. पळापळ करू नकोस. आम्ही येतो."